मागच्या चाकाची ट्रायल

माणसं भरून नेणारी वडापची जीप दुकानासमोर थांबली आणि मिस्त्री गळ्यात टायर घालून उतरले. मी पायरीवर एका गवळ्याच्या मोटरसायकलची रिम फिरवत बसले होते. रिमजवळ खडू धरायचा, चाक फिरवायचं आणि जिथं खडूची रेघ उठेल तिथले आरे सैल-घट्ट करायचे. रिमचा बाक काढायचं काम हाताचं कमी आणि बुडाचं जास्त, एका जागी बसता आलं पाहिजे. मिस्त्रींना स्वतःची गाडी सोडून जीपमधून उतरताना बघून माझ्या हातातला खडू मोडला.

आप्पा वायरमन बाकड्यावर चहा पीत होता. त्याच्या खांबावरची कामं नेमकी आमच्या दुकानासमोर निघायची, निदान चहाच्या वेळेला तरी.

"काय मिस्त्री, सत्कार झाला का कुठं? हार दांडगा घातलाय."

"टायर हाय."

"ते दिसतंय. कुणाचा?"

"माझा."

मिस्त्री म्हणजे माझे मालक, जोतिराम लोहार. कोयनानगरच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं दोन गाळ्यांचं गॅरेज. घरात मी त्यांना अहो म्हणायची आणि दुकानात मिस्त्री. सगळी पंचक्रोशी मिस्त्री म्हणते, मग मीच तेवढी वेगळी कशाला? आणि गिऱ्हाइकासमोर 'अहो, पाना द्या' हे काही बरं दिसत नाही.

त्यांनी टायर उजव्या हातानं काढून पायरीला टेकवला. डावा हात खिशात होता. तो हल्ली खिशातच असायचा.

टायर बघितला आणि आप्पाचा चहा थांबला. टायर रुंद होता. आमच्या गाडीला असतो त्याच्यापेक्षा चांगला रुंद.

"मिस्त्री," आप्पा म्हणाला, "गेल्या महिन्यात माझ्या मेव्हण्याला तुम्ही काय सुनावलं होतं?"

"काय?"

"सात नंबरचा पाय असणाऱ्यानं दहा नंबरची चप्पल घेतली, तर तो जास्त चालतो का, म्हणून. बिचारा टायर परत घेऊन गेला की."

"त्याला मिरवायचं हुतं," मिस्त्री म्हणाले. "मला घाट उतरायचाय. आपली गाडी हालती. मागचं चाक रस्ता धरत नाय."

मी खाली मान घालून आरे मोजायला लागले. ते मोजायचं काही कारण नव्हतं.

श्रावणापासून आमची गाडी हालत होती. म्हणजे मिस्त्री तसं म्हणत. डावीकडं ओढते, हळू घेतली की लडबडते. त्यांनी दोन्ही चाकांच्या बेअरिंगा बदलल्या. हँडलाच्या मानेतले कोन, म्हणजे छऱ्यांच्या वाट्या, बदलले. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं त्याचे बुश बदलले. दुसऱ्याची गाडी अशी चार वेळा उघडली असती तर गिऱ्हाईक पळून गेलं असतं. ही घरची, कुठं पळणार?

घाई होती ती भाऊबीजेची. मिस्त्रींची थोरली बहीण, आम्ही सगळे आक्का म्हणायचो, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला शिरगावात दिली होती. आमचं लग्न झाल्यापासून एकही भाऊबीज चुकली नव्हती. मिस्त्री पुढं, मी मागं, माझ्या मांडीवर फराळाचा डबा आणि खाली सगळं कोकण. एकदा दरड कोसळून घाट बंद होता, तर दगडांवरून गाडी उचलून घातली होती यांनी.

"एसटीनं जाऊ या की या वर्षी," असं मी नवरात्रात म्हणून बघितलं होतं.

"मिस्त्री माणूस एसटीतनं उतरला तर लोक गाडी कुणाकडं टाकतील?"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. कराडच्या डॉक्टरकडं जाऊ या, असंही म्हणून बघितलं होतं. तर म्हणाले, "आधी गाडीचं बघू. मग माझं."

मला काय काय दिसत होतं ते सांगते. शर्टाची बटणं लावायला ते खोलीचं दार लोटून घ्यायला लागले होते. चालताना उजवा हात हलायचा, डावा अंगाला चिकटलेला. आणि नाक. गाडी दुकानात आणतानाच नुसत्या वासावर क्लच जळालाय म्हणून सांगणारा माणूस. पण शेजारी चुलीवर दूध करपून कोळसा झालं तरी ते पेपर वाचत बसले होते. मी ओरडले तर म्हणाले, "कसला वास? मला नाय आला." त्या दिवशी मला दुधाचं काही वाटलं नाही.

मग आप्पानं मला एकटीला गाठून सांगितलं, "वहिनी, मिस्त्री काल पुलावर पडले. मी उचलायला धावलो तर म्हणाले, खडी हुती. वहिनी, पुलावर खडी नव्हती."

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. ते दुपारी झोपले असताना मी आमची गाडी काढली आणि दळणाचा डबा मागं बांधून गिरणीला गेले. तशी मी आडवाटेनं चालवायची. शिकवलं कुणी नाही. रिमचा बाक काढायलाही कुणी शिकवलं नाही, बघत बसले आणि आलं. त्या दिवशी कॅनॉलच्या मोकळ्या रस्त्यावर मी गाडी कानानं, बुडानं, सगळ्या अंगानं ऐकली. गाडी सुतासारखी सरळ चालली होती. कुठंही ओढत नव्हती.

गिरणीच्या रांगेत मला रडू आलं. बायकांनी विचारलं तर पीठ गेलं डोळ्यांत म्हणाले. बायका शहाण्या, त्यांनी पदर पुढं केला.

तर असा तो टायर पायरीला टेकलेला होता.

"उद्या सकाळी घालू," मिस्त्री म्हणाले.

सकाळी आप्पा हजर. खांबावरचं काम निघालं होतं म्हणे.

मिस्त्रींनी गाडी मधल्या स्टँडवर लावली. मागचं चाक खोलून जुना टायर उतरवायला बसले. टायर रिमच्या कडेतून उचकटायची लोखंडी पट्टी, आम्ही तिला टॉमी म्हणतो, ती त्यांनी उजव्या हातानं घातली. दुसरी डाव्या हातात घेतली. ती निसटून पडली. पुन्हा घेतली. पुन्हा पडली. दुकानात लोखंड पडल्याचा आवाज रोजचाच, पण त्या आवाजानं आप्पा रस्त्याकडं बघायला लागला.

मिस्त्री उठले आणि स्टूलावर बसले.

"तू घाल. मी सांगतो."

मी पदर खोचला. काम मला येत होतं, पण त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्या दिवशीच्या कामगाराला सांगावं तसं. आणि मी सगळं ऐकून घेतलं.

"हा एकच नंबर वरचा हाय. आपल्या रिमला तेवढाच चालतो. त्याच्यावर गेलं की बारकी रिम टायरला दोन्हीकडनं आवळती, टायर मधनं फुगतो, आन रस्त्याला नुसती मधली पट्टी टेकती. रुंद घेऊन अरुंद चालवायचा. लोकांना कळत नाय."

"माझ्या मेव्हण्याला कळलंय आता," आप्पा म्हणाला.

"बाण बघ टायरवरचा. चाक फिरतं तिकडंच तोंड पायजे."

"बघितला."

"साबणाचं पाणी लाव कडेला. कोरडा चढवू नको, कड फाटती."

मी चढवला. हवा भरताना टायरची कड रिममध्ये बसल्याचा टण्ण आवाज आला, मग दुसऱ्या बाजूचा. कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडं सारखी आहे का, ते मी चाक फिरवून बघितलं. मिस्त्रींनीही बघितलं. मग हवा बेतावर आणून चाक चिमट्यात घातलं.

"बोट घाल."

हे त्यांचं माप. टायर आणि चिमटा यांच्यात बोट फिरलं पाहिजे, टायर आणि चेन यांच्यात फिरलं पाहिजे. चिमट्याकडं बोट गेलं. चेनकडं करंगळीसुद्धा अडली, चेनकव्हर आत येत होतं. मी वायसर घालून कव्हर बाहेर घेतलं. आता करंगळी फिरली.

"करंगळी कुणाची?" मिस्त्री म्हणाले. "माझं बोट जायला पायजे."

त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि उजव्या हाताचं जाड बोट घातलं. गेलं नाही. मी आणखी एक वायसर लावला. मग गेलं.

"आता स्टँडवरनं खाली घे, वजन टाकून बघायचं. मागं बसल्यावर चाक वर येतं, मडगार्डला लागाय नको. आप्पा, बस. तुझ्या अंगाचा पहिल्यांदा कुणालातरी उपयोग होतोय."

आप्पा चहाचा कप घेऊनच बसला. गाडी दबली. मी खाली वाकून उजेड बघितला. टायर आणि मडगार्ड यांच्यात चांगला उजेड होता.

"चेन ताठ करू नको. आप्पा बसलाय तवाच बघ, आन थोडी ढील ठेव. दोन्हीकडच्या खुणा सारख्या?"

"सारख्या."

"मग आवळ नट."

चाकाच्या आसाचा मोठा नट. तो कायम मिस्त्री आवळायचे. चाक मी केलेलं असलं तरी शेवटचा नट त्यांचा. मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, नटाकडं बघत होते. मी पान्याला पाइप लावला आणि सगळा जोर टाकून आवळला.

"नट कुणी आवळला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग ट्रायल कुणाची?"

आमच्या दुकानाचा नियम होता, त्यांनीच घातलेला. नट ज्यानं आवळला त्यानं पहिली ट्रायल घ्यायची आणि गिऱ्हाइकानं मागं बसायचं. आपल्या कामावर आधी आपला जीव ठेवायचा, मग दुसऱ्याचा.

आप्पा गाडीवरून उतरला. "म्हणजे वहिनी चालवणार आणि मिस्त्री मागं? थांबा जरा, चौकात सांगून येतो."

"जा, सांग," मिस्त्री म्हणाले.

आप्पा हसायला लागला होता, त्याचं हसू तिथंच राहिलं. तो कुठं गेला नाही. मिस्त्रींना मागच्या सीटवर पाय टाकताना त्यानं कोपराला हात दिला. मिस्त्रींनी तो झटकला नाही.

मी गाडी रस्त्यावर घेतली. टपरीवाले, एसटीची वाट बघणारे, सगळे बघत होते. भर रस्त्यानं जोती मिस्त्रीची बायको जोती मिस्त्रीला मागं बसवून चाललेली. एकानं शिट्टी वाजवली. मागून आवाज आला, "बघू नको तिकडं. नवा टायर हाय, वरनं गुळगुळीत असतो. पहिल्यांदा हळू. वळताना गाडी पाडू नको."

"नाही पाडत."

"सरळ धर."

"सरळच आहे."

गावाबाहेर रस्ता मोकळा होता. दोन्हीकडं भात कापून पडलेलं. मला त्यांचा श्वास मानेवर लागत होता.

"जरा वाढव."

मी वाढवली.

"आता कमी कर. अजून. चालायच्या वेगानं चालव."

हळू गाडी चालवणं हेच खरं अवघड. त्या वेगाला त्यांची गाडी लडबडायची. मी पायाचा आधार न घेता तशीच चालवत राहिले. पूल आला, ते पडले होते तो. पूल संपेपर्यंत गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या कडेनं चालली, पट्ट्यावर चढली नाही की लांब गेली नाही. मला एकदा वाटलं, मुद्दाम हँडल हलवावं. थोडंसं. डावीकडं. म्हणावं, होय हो, ओढते आहे अजून, बघू पुढं काय बदलता येतंय.

मी हलवलं नाही. आपण आवळलेला नट आणि आपणच खोटं चालवायचं, हे मला जमलं नाही. ते शिकवलं नव्हतं त्यांनी.

"थांब," ते म्हणाले.

पुलाच्या टोकाला आंब्याखाली मी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. खालून नदीचा आवाज येत होता. ते उतरले नाहीत, मीही उतरले नाही. दोघंही पुढंच बघत होतो.

"टायर चांगला बसलाय," मी म्हणाले.

"टायरचं नाव काढू नको, मालन."

मी हँडलवरचे हात खाली घेतले.

"गिऱ्हाईक येतं. म्हणतं, गाडी हालती. मी आधी काय करतो?"

मला उत्तर माहीत होतं. दुकानात पाऊल ठेवल्यापासून ऐकत आलेली. "आधी तुम्ही चालवून बघता."

"का?"

"चालवणारा बदलून बघायचा. सामान मागनं."

"आन मी श्रावणापासनं काय केलं?"

मी किल्ली काढून मुठीत धरली.

"सगळं सामान बदललं," तेच म्हणाले. "सगळं. नुसता चालवणारा सोडून."

रस्त्यानं एक ट्रक गेला. त्याची धूळ बसेपर्यंत आम्ही थांबलो.

"तुम्हांला कधी कळलं?" मी विचारलं.

"बुश बदलले तवा. जुने काढून हातात घेतले तर नव्यासारखे हुते."

"मग हा टायर कशाला आणलात?"

"नुसतंच 'चालव' म्हणालो असतो, तर काय म्हणून चालवली असतीस?" ते थांबले. "कायतरी बदलल्याबिगर ट्रायल कशाची घ्यायची? आन मला एकदा मागं बसून बघायचं हुतं. पुढं बसल्यावर कळत नाय. वाटतं, गाडीच."

मी म्हणाले, "मी गिरणीला नेली होती गाडी. दसऱ्याच्या आधी."

"सरळ गेली?"

"सरळ गेली."

"मग बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

ते हसले असावेत. मागून आवाज आला तो हसल्यासारखा होता. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, डावा. भर रस्त्यात त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. इंजिन बंद होतं, किल्ली काढून माझ्या मुठीत होती, तरी माझ्या खांद्यावर थरथर चालली होती. मी मान वळवली नाही. मला वळवता आली नाही आणि त्यांना ते नकोच होतं.

"चला मिस्त्री," ते म्हणाले. "घरी घ्या गाडी."

आयुष्यात पहिल्यांदाच ते मला मिस्त्री म्हणाले होते. इतकी वर्षं मनात होतं, कधीतरी एखादं अवघड चाक बघून म्हणतील. म्हणाले ते असे.

गाडी सुरू करताना ते म्हणाले, "घरी गेल्यावर जुना टायर घालून टाका. रुंद टायरनं ॲव्हरेज पडतं."

तो टायर मी काढला नाही. नीट बसलेलं काम उगाच उचकटू नये, हेही त्यांनीच सांगितलेलं.

भाऊबीजेला आम्ही घाट उतरलो. मी पुढं, ते मागं, फराळाचा डबा त्यांच्या मांडीवर. पहिल्या वळणावरच मला घाम फुटला. मी वाकायची आणि मागचं अंग खांबासारखं ताठ. त्यांना वाकायचं असायचं, पण वळण संपल्यावर ते वाकायचे. तिसऱ्या वळणाच्या आधी म्हणाले, "पुढचं दिसलं की आधी सांगत जा. अंगाला कळवायला येळ लागतोय."

मग मी सांगत गेले. "डावं आलं हं." जरा थांबायचं, मागून अंग हळूहळू कलायचं, मग वळायचं. "आता उजवं. मोठं आहे." असं करत सगळा घाट.

आक्का अंगणात उभ्या होत्या. आम्हांला बघून त्यांच्या हातातलं तबक कललं. "अगो बाय! आणि जोती मागं कसा?"

"आता ही मिस्त्री," हे म्हणाले, "मी गिऱ्हाईक. मागं बसतो आणि तक्रार करतो."

आक्का हसल्या. मग ओवाळताना त्यांचा टिळा चुकला, कारण त्यांनी भावाचा हात बघितला. टिळा पुसून पुन्हा लावला.

कराडच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर नाव सांगितलं, कंपवात. नाव कळून काही सोपं झालं नाही. त्यानंतर बरीच वर्षं ते माझ्या मागं बसले. दर भाऊबीजेला वळण जरा आधी सांगावं लागायचं. मग एका वर्षी त्यांना गाडीवर बसवणंच झालं नाही, आक्काच वर आल्या. पुढच्या वर्षी ओवाळून घ्यायला कुणी नव्हतं.

पण आक्का थकल्यात, त्यांच्याकडं कुणी जायला नको का? म्हणून मी जाते. डबा मागं बांधते, तोच घाट, आणि मागच्या चाकाला रुंदच टायर घालते. सवय झालीय. वळण दिसलं की तोंडातून जातं, "डावं आलं हं." आणि जरा थांबते.

मागून काही कलत नाही. मग गाडी आपली हलकीच वळते.